गळ्यातली ताई

माघ वद्य चतुर्थी, शके १८४०. देवास.

पोचले एकदाची सासरी. धारहून इंदूर, इंदुरात मावशीकडे मुक्काम आणि आज सकाळी टांग्यातून इथे. भाऊ सोबत आला होता. टांगेवाला त्याला सारखा भिया, भिया करत होता, भैयाचं इकडे भिया होतं, आणि आमचा भाऊ फुगून बसला होता. देवीची टेकडी दिसायला लागली तशी त्याने मला कोपराने ढोसलं, म्हणाला, आता जरा रडायला लाग, नाहीतर सासरचे म्हणतील पोरगी कोडगी आहे. मला मेलं रडूच येईना. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

वही त्यानेच दिली. धारला दिवसभर बडबडायचीस, तिथे ऐकणारं माणूस मिळेपर्यंत हिच्याशी बोल म्हणाला. मास्तरांच्या घरची मुलगी, लिहिण्याचा कंटाळा नाही मला.

गाव मोठं गमतीचं आहे. एका गावात दोन राजे. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. आमचं घर थोरल्या पातीत आणि समोरचं बळवंतरावांचं धाकटीत. म्हणजे मी विरजण मागायला गेले तरी परराज्यात जाऊन आले म्हणायचं.

घरात माणसं तीनच. हे शाळाखात्यात कारकून आहेत. अक्का म्हणजे यांच्या थोरल्या विधवा बहीण, सगळा कारभार त्यांच्या हाती. आणि चारुलता, यांच्या पहिल्या कुटुंबाची मुलगी, सहा वर्षांची. तिची आई सुमंगलाबाई आश्विनातल्या मानमोडीत गेल्या. त्या तापाचं वेगळं काय लिहू, घरोघरी तेच झालं. अंग फणफणायचं, मान मोडून टाकल्यासारखी दुखायची आणि दोन-तीन दिवसांत माणूस नाहीसं. माझा ठरलेला मुलगाही त्यातच गेला, म्हणून मी अशी दुसरेपणावर आले. दोन घरांतलं उरलंसुरलं जोडून हा संसार मांडला आहे.

चारू अक्कांच्या पदराआडून बघत होती. मी रेवडी पुढे केली तर घेतली आणि धूम पळाली. मी मनाशी ठरवून टाकलं आहे की ही मुलगी मला आई म्हणेल. कधी ते सांगता येत नाही, पण म्हणेल. मला या घरात दुसरं काही नको आहे.

माघ वद्य षष्ठी

आज टाक घातला. पहिली वारली असली की दुसरीने तिच्या मुखवट्याचा रुप्याचा टाक गळ्यात बांधायचा, तिचा मान आधी, आपला मागून. घालायचा लग्नातच, पण सोनाराला यंदा टाकांपासून फुरसत नाही. इतके बिजवर एका माघात बोहल्यावर चढलेले त्याने जन्मात पाहिले नसतील.

समोरच्या बळवंतरावांचंही तेच. त्यांची नवी बायको कावेरी राजगडची, माझ्याच वयाची, हसरी आहे. गुरुजी आता मोहल्ल्यात एकच उरलेत, आणि तेही आजारातून उठलेले, दोन वाक्यं म्हणाले की खोकतात. दोन घरी जाण्याचं त्राण नाही म्हणून त्यांनी दोन्ही टाक आमच्याच देवघरात घेतले. एका ताम्हनात दोघींना दुधाने न्हाऊ घातलं, एकापाठोपाठ एक नावं घेतली, आमची सुमंगला आणि बळवंतरावांची पहिली, द्वारका. मग डोळे बारीक करून एकीच्या हातावर एक, दुसरीच्या हातावर दुसरा ठेवला. कावेरी आणि मी हसू दाबून बसलो होतो.

अंगठ्याच्या नखाएवढं रुपं आहे. त्यावर इवलासा चेहरा, नाकात नथ. अक्कांनी बजावलं की जेवताना पहिला घास हिला दाखवायचा, नवं लुगडं आधी हिला लावायचं, आणि काही झालं तरी गाठ सोडायची नाही. मग ती धाकट्या बहिणीसारखं सांभाळते. मला बहीण नाही. मी तिला ताई म्हणायचं ठरवलं. रात्री निजताना गार गार लागत होती गळ्याशी, बरं वाटलं.

माघ वद्य नवमी

आज भातात खडा आला तो नेमका यांच्या दाताखाली. अक्का म्हणाल्या, सुमंगलाने निवडलेल्या तांदळात कधी खडा सापडला नाही. मी म्हटलं, अक्का, खडा माझ्या नवऱ्याचे दात तपासायला घातला होता. अक्कांना हसावं की रागवावं कळेना. हे मात्र हसले. अक्का नंतर हळूच म्हणाल्या, आश्विनापासून तो आज पहिल्यांदा हसला.

हे घर आजारातून अजून उठलेलंच नाही. कोणी खोकलं की सगळे हातातलं टाकून बघतात. अक्का भांडी उकळत्या पाण्यातून काढतात, पुन्हा पुन्हा, तळवे सोलवटले आहेत. चारूला झोप लागली की हे तिच्या नाकाशी बोट धरतात. आश्विनाचं कोणी बोलत नाही. घरात मोठ्याने बोलणारी मी एकटीच, म्हणून मलाच बोलत राहावं लागतं.

चारू टाकाला नमस्कार करत नाही. ही माझी आई नाही म्हणते. माझ्या आईच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका होता, हिला कुठे आहे. मी समजावलं की अगं, एवढ्याशा रुप्यावर ठिपका कसा उमटणार. ती हट्टाने मान हलवत राहिली. अगदी बापावर गेली आहे.

मग मी एक युक्ती काढली. रोज दुपारी जेवणं झाली की तिला मांडीवर घ्यायचं, टाक तिच्या कपाळाला लावायचा आणि तिने आई म्हणायचं. म्हटलं की बत्तासा. आधी ताईला म्हणेल, मग ताईच्या वाटेने माझ्यापर्यंत येईल. अक्कांना कल्पना फार आवडली.

फाल्गुन शुद्ध तृतीया

जमलं. आता बत्तासाही लागत नाही. दुपारी आपण होऊन येते, मांडीवर चढते, टाक मुठीत धरते आणि त्याच्याशी कुजबुजत बसते. माझ्या हनुवटीला तिचे केस लागतात. असं सुख मला ठाऊक नव्हतं, उगीच कशाला खोटं लिहू.

आज आई म्हणाली, न सांगता. हे दारातच होते, त्यांनी ऐकलं आणि आत निघून गेले. डोळे पुसायला गेले असणार.

एक गोष्ट मात्र टोचली. म्हणाली ती माझ्या तोंडाकडे बघून नाही, गळ्याकडे बघून. असो. आज गळा, उद्या तोंड.

फाल्गुन शुद्ध षष्ठी

चारूचं एकेक नवीनच. आज म्हणाली, मी बदनावरला गेले होते, आता आले. मी हसले. अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, बदनावरला आपलं कोण आहे, ही तर देवासची वेस ओलांडून गेलेली नाही. मुलं काही ऐकतात आणि आपलंच करून सांगतात.

तिखटाला तोंड न लावणारी मुलगी, आज मिरचीचं लोणचं नुसतं चाटत बसली. चारू म्हणून हाक मारली तर वळली नाही. जवळ जाऊन हलवलं तेव्हा म्हणाली, मला बनू म्हणा. हे कोणाचं नाव काढलंस विचारलं तर टाकाकडे बोट केलं. ती म्हणते, म्हणाली.

आणखी एक. टाक दुपारी तापतो. ऊन लागतं म्हणावं तर मी माजघरात बसते.

फाल्गुन शुद्ध नवमी

अक्कांना टाकाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सुमंगलाचा जीव मुलीत अडकला असेल, अडकू दे, आईच ती, वाईट कशाला करील. मलाही पटलं. पटवून घेतलं.

दुपारी चारू मांडीवर होती. कोणीतरी विचारलं, आली का. मला वाटलं अक्का. अक्का तर ओसरीवर घोरत होत्या. आवाज कानाला आलाच नव्हता. गळ्याशी आला होता, आपण स्वतः बोलताना छातीत घुमतो ना, तिथे.

चारू म्हणाली, आले.

मी तिला मांडीवरून उतरवलं. ती माझ्याकडे बघून रडली नाही, नुसती टाकाकडे बघत राहिली.

फाल्गुन शुद्ध द्वादशी

चारूला ताप. काल संध्याकाळपासून. मान दुखते म्हणाली.

अक्कांच्या हातून तांब्या पडला. हे भिंतीला टेकून जे बसले ते उठलेच नाहीत. वैद्य आले, काढा दिला, म्हणाले, साथ पुन्हा फिरते आहे, आशा सोडू नका. असं कोणी म्हटलं की आशा सुटते.

तापात ती एकच बोलते. आई, मी आले. आई, मी आले. मी कपाळावर हात ठेवला तर माझा हात बाजूला करते आणि टाक ओढते. गळ्याला वळ उठला आहे.

देवी, हिला घेऊ नको. अजून एकदाही तिने मला हाक मारलेली नाही.

फाल्गुन पौर्णिमा, होळी

हे लिहिलंच पाहिजे.

चारूसाठी नारळ वाहायला दिवसाउजेडी चौकात गेले. होळी रचून ठेवली होती. दोन्ही पात्यांच्या बायका आल्या होत्या, त्यात कावेरी. वाकून नमस्कार करताना तिचा टाक पदराबाहेर आला.

हनुवटीवर ठिपका. अगदी स्पष्ट. सोनाराने मुद्दाम सुईने टोचलेला.

मी तिला हाताला धरून बाजूला नेलं. कसं चाललंय विचारलं. बाई खुशीत आहे. म्हणाली, आमच्या ताई फार मायाळू आहेत, दुपारी डोळा लागला की तांदूळ कोणीतरी निवडून ठेवतं, एक खडा सापडत नाही.

मग मी विचारलं, द्वारकाबाई कशा गेल्या. तिने ऐकलेलं सांगितलं. आश्विनात त्या आणि त्यांची मुलगी दोघी एकदम पडल्या. मुलगी आधी गेली. आईला धक्का बसू नये म्हणून घरच्यांनी सांगितलं, मुलीला मामाकडे बदनावरला पाठवली आहे. त्या दर घटकेला विचारायच्या, आली का. घरचे म्हणायचे, येईल. त्या तशाच विचारत गेल्या.

मुलीचं नाव बनू.

म्हणजे माझ्या गळ्यात — गुरुजींच्या हातून — एका ताम्हनातून —

चारू पहिल्या दिवसापासून सांगत होती. ही माझी आई नाही. आणि मी तिला बत्तासे देऊन, रोज, मांडीवर घेऊन, एका परक्या मेलेल्या बाईला आई म्हणायला शिकवलं. मीच शिकवलं.

फाल्गुन वद्य प्रतिपदा

बाहेर धुळवड. गुरुजींकडे हे धावत गेले, गुरुजी अंथरुणावर, बोलणं नाही.

मीच गाठ सोडली. टाक पाटावर ठेवला. चारूचा श्वास अडला. ओठ निळे. डोळे वर. हे ओरडले, सीते, बांध तो, बांध. बांधला. श्वास आला.

म्हणजे सोडता येत नाही.

कावेरी दारात उभी आहे आपला टाक मुठीत धरून. रडते आहे. म्हणते, तुझी ताई दे म्हटलं तर देते गं, पण तुझ्या गळ्यातली कोण घेणार.

फाल्गुन वद्य द्वितीया

सांगून टाकलं गळ्यातलीला.

ती वाईट नाही. तिला कोणी खरं सांगितलं नाही, एवढंच. सगळ्यांनी मायेने खोटं सांगितलं म्हणून ती अजून वाट बघते आहे. मग ते कोणीतरी सांगायलाच हवं होतं. दुपारी देवघरात बसले, टाक हातात धरला आणि म्हटलं, द्वारकाबाई, तुमची बनू बदनावरला नाही. ती तुमच्या आधी गेली. ही मुलगी सुमंगलेची आहे. हिला सोडा.

टाक गार झाला, बर्फासारखा.

मग रडणं. मोठं, छाती फोडून. अक्का धावत आल्या, मला पोटाशी धरलं, रडू नको म्हणाल्या. माझे डोळे कोरडे होते. रडणं माझ्या तोंडातून येत होतं, पण मी रडत नव्हते.

संध्याकाळी चारूला घाम फुटला. ताप उतरला.

फाल्गुन वद्य तृतीया

चारू उठून बसली. पेज प्यायली. मिरची नको म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं, गळ्याकडे नाही, सरळ तोंडाकडे, आणि म्हणाली, आई, अजून दे.

मी वाटी खाली ठेवली आणि तिला छातीशी धरलं. हे लहान मुलासारखे रडले. अक्कांनी देवाला साखर ठेवली. माझ्या आयुष्यात याहून चांगला दिवस येणार नाही, मला माहीत आहे.

पण तिने आई म्हटलं त्या क्षणी टाक तापला. चटका बसेल इतका.

आणि आत कोणीतरी म्हणालं, ऐकलंस. आली.

चतुर्थी

ताप आहे मला. मान —

अक्कांना सांगितलं, चारूला समोर कावेरीकडे न्या. तिथे तिची खरी आई आहे, ती सांभाळेल. माझ्या जवळ येऊ देऊ नका. मी बोलावलं तरी नाही. मी बोलावलं तर मुळीच नाही. अक्कांना वाटतं वातात बडबडते. हे पायाशी बसले आहेत, त्यांनाही बाहेर घालवलं.

गळ्यातली म्हणते, तू पण खोटं बोललीस. सगळे बोलले, तू पण. बनू गेली असती तर आई म्हणून हाक कोणी मारली.

मला मारली म्हणावं तर — मला म्हणजे कोणाला. एकच गळा आहे.

धारला अंगणात तुळशीपाशी भाऊ आणि मी — भाऊ कुठे आहे. बदनावरला — नाही. भाऊ धारला. धारला.

पंचमी. रंगपंचमी असणार, बाहेर ढोल वाजतो आहे

आतून कडी लावली आहे. गाठ सोडायला गेले, बोटं वळत नाहीत. लिहिताना वळतात. म्हणून लिहिते. लिहिते तोवर हात माझा.

मी सीता. धारची. मास्तरांची. मी सीता.

बाहेर पावलं. छोटी. समोरून रस्ता ओलांडून आली असेल, रंगाच्या गर्दीत कोणाचं लक्ष — अक्का कुठे आहेत, यांना कोणी —

आई म्हणते आहे. दार वाजवते आहे. आई, मला रंग लावलाय, बघ ना, आई.

हाक मारू नको गं. गप्प राहा पोरी. मी तोंडात पदर कोंबला आहे. ओ द्यायची नाही. मी ओ देणार नाही.

ओ दिली. माझ्या गळ्यातून. आले गं, आले.

मी नाही. चारू, परत जा. कावेरीकडे — पळ — तुझी आई तिकडे — माझा डावा हात कडीवर — मी नाही, उठले कशी, वही दाराला टेकलेली, उजवा लिहितो आहे — कडी निघाली — चारू, मी तुझी —

किती वाळलीस गं. मामाने खायला घातलं नाही का बदनावरला. किती वाट बघायला लावलीस. रडू नको, मागे सरू नको, मीच आहे. ये. ये माझी बनू, ये, मांडीव